परतीच्या पावसात समुद्रकडा: हरिहरेश्वर की रत्नदुर्ग?

सप्टेंबर संपत आला की पुण्यात हमखास एक प्रश्न निघतो. सिंहगड-राजगड पावसाळाभर झाले, आता जरा समुद्र बघू. पण नुसतं वाळूत बसायचं नाही, चालायचं आहे. आकाश भरलेलं, मधूनच भुरभुर, खाली लाटा. अशा चालीसाठी दोन नावं पुढे येतात: हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग आणि रत्नागिरीचा रत्नदुर्ग. एकात कड्याच्या पायथ्याशी चालायचं, दुसऱ्यात कड्याच्या माथ्यावर. भिजल्या दिवसांत सगळा फरक इथूनच पडतो.

हरिहरेश्वरला देवळामागून वाट डोंगरावर चढते आणि मग खडकांच्या अरुंद फटीतून उभ्या पायऱ्या थेट समुद्राच्या पातळीवर उतरवतात. खाली लाटांनी तासलेला काळा कातळ आणि बाजूला उभा कडा. खाऱ्या वाऱ्यापाण्याने त्यात इतकी भोकं पाडलीत की जाळीच वाटावी. हात लावून बघा, भोकांच्या कडा धारदार लागतात. चाल फार लांब नाही, पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्राच्या इतकं अंगाशी नेणाऱ्या वाटा थोड्याच.

मात्र ही वाट फक्त ओहोटीला खुली. भरतीत लाटा कड्यावर आपटतात आणि इथे माणसं ओढली गेली आहेत. त्यामुळे सुट्टी बघण्याआधी तिथी बघा. जुना हिशोब सोपा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. दसरा म्हणजे दशमी, भरती साडेसातला, ओहोटी दुपारी पावणेदोनच्या सुमारास. पुण्याहून पहाटे निघणाऱ्याला अगदी सोयीचं. कोजागरीला मात्र ऐन दुपारी भरती, तीही उधाणाची. भाऊबीजेला तेच, दीड वाजता पाणी वर. म्हणजे दिवाळीत गाडी भरून जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुपारी वाट पाण्याखालीच दिसते. त्यांनी मुक्काम करून सकाळी लवकर उतरावं. हा अंदाज झाला, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि खाली उतरण्यापूर्वी देवळाशी विचारा. समुद्र खवळलेला असेल तर ओहोटीतही उतरू नये.

रिमझिमीत आणखी एक भानगड: शेवाळ. हिरवट, गुळगुळीत कातळावर पाय ठेवायचाच नाही. कोरडा, खरबरीत भाग शोधत जायचं. रबरी तळव्याची घट्ट चप्पल-बूट हवेत. छत्री घरी ठेवा, वारा ती उलटी करतो.

रत्नदुर्गाला तिथी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला, तीन बाजूंना समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाच्या उंचवट्यावर दीपगृह. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आई-बाबा, लहान मुलं बरोबर असतील तर प्रश्नच मिटला. तटावरून मिऱ्याकडचा पांढऱ्या वाळूचा ‘पांढरा समुद्र’ आणि मांडवीचा काळ्या वाळूचा ‘काळा समुद्र’ दोन्ही दिसतात. एक सर आली, थांबलो, पुन्हा चाललो, असं इथे जमतं. पायाखालचा जांभा भिजला तरी खरबरीत राहतो. घसरतात त्या तटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या.

इथला धोका वरून येतो. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर धरली जाते. त्याच्या आगेमागे उघड्या तटावर वीज चमकताना उभं राहू नये. फिरणं सकाळीच उरकावं.

प्रवासाचं गणित हरिहरेश्वरच्या बाजूने. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन अशी वाट, आणि पुणेकराला पेशव्यांचं मूळ गाव वाटेत लागतं हे वेगळं. रत्नागिरी कराड, मलकापूर, आंबा घाट करत साधारण 300 किलोमीटर. एका दिवसात जाऊन यायचा विचारही करू नका. स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने गेलात तर ठीक.

माझं मत विचाराल तर, सप्तमी ते दशमीत सुट्टी येत असेल आणि सोबतची मंडळी पायाने खमकी असतील तर हरिहरेश्वर. रत्नदुर्ग सुंदर आहेच, पण ती किल्ल्यातली फेरी आहे, लाटेच्या हातभर अंतरावरची चाल नव्हे. तिथी जुळत नसेल, घरचे ज्येष्ठ बरोबर असतील किंवा तीन दिवस हाताशी असतील तर बेलाशक रत्नागिरी.

आणि हरिहरेश्वरला जाऊनही वाट बंदच मिळाली, तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवा, सावित्रीची खाडी ओलांडा आणि बाणकोटचा किल्ला गाठा. खाडीचं मुख त्या तटावरून छान दिसतं. फक्त शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून घ्या, नाहीतर परतायला मंडणगड-महाडचा लांबचा वळसा पडतो.