तीन वर्षांच्या एलएलबीचा प्रवेश: सीईटी, कॅप आणि शुल्काचा अनुभव

मुलीने पदवीनंतर कायदा शिकायचे ठरवले, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती पैशांची. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या लाखांच्या शुल्काचे आकडे कानावर होते, पण ती वाट मुख्यतः क्लॅट या वेगळ्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेची. सरकारी विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील एलएलबीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आणि त्यानंतरची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, हा मार्ग आहे. तो आम्ही अर्जापासून शुल्काच्या पावतीपर्यंत चाललो.

परीक्षेबद्दल माझे मत चांगले आहे. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. तालुक्याच्या ठिकाणी मराठीतून शिकलेल्या मुलीसाठी या शेवटच्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. पदवीला खुल्या प्रवर्गास ४५, इतर मागास वर्गास ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात. कमाल वयाची अट मात्र नाही. त्यामुळे नोकरी करणारे, निवृत्त झालेले असे अनेक जण परीक्षेला बसतात, ही मला या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू वाटते.

खरी कसोटी कागदपत्रांची असते. आम्ही इतर मागास प्रवर्गातले असल्याने जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास आणि नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे प्रवर्गातील सधन गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, हे सगळे हाती हवे होते. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र नुसते असून चालत नाही, त्याची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. आमचे जुने प्रमाणपत्र त्याआधीच संपत होते आणि ते ऐन निकालाच्या आठवड्यात लक्षात आले. सेतू केंद्रात जाऊन नवे मिळवेपर्यंतचे दिवस फार ताणाचे गेले. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच प्रत्येक दाखल्यावरील तारीख तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महाविद्यालयांचा पसंतीक्रमही शांतपणे, खऱ्या आवडीनुसार भरावा. जागा गुणवत्ता आणि पसंतीक्रम यांवर ठरते, तिथे मध्यस्थाला काहीही करता येत नाही.

शुल्काच्या बाबतीत महाविद्यालयानुसार फार फरक पडतो. १८५५ साली स्थापन झालेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचार्यपद भूषवलेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय अगदी माफक शुल्कात शिकवते, पण तेथील गुणवत्ता यादी तेवढीच उंच असते. अनुदानित महाविद्यालयांतही अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्यांचे शुल्क वेगळे असू शकते, त्यामुळे पसंती भरताना तुकडी पाहणे विसरू नये. विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि मंजूर आकडा संकेतस्थळावर पाहता येतो. कोणी त्याहून अधिक मागत असेल, तर लेखी कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत मोलाचा भाग आहे. तरीही आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाने सुरुवातीला संपूर्ण शुल्क भरण्यास सांगितले. शासन निर्णयाची प्रत दाखवल्यावर हमीपत्र घेऊन प्रवेश निश्चित झाला, पण ज्या पालकांना असा निर्णय आहे हे ठाऊकच नसेल, त्यांनी त्या खिडकीपाशी काय करावे, हा विचार अजून मनातून जात नाही. प्रवेशाचा अर्ज एका संकेतस्थळावर आणि सवलतीचा अर्ज महाडीबीटी या दुसऱ्याच संकेतस्थळावर भरावा लागतो. या दोन व्यवस्था जोडल्या गेल्या, तर असे प्रसंग खूप कमी होतील असे मला वाटते.

वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च या माफीत येत नाही, त्याची तजवीज आधीच करावी. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, तेही पाहून घ्यावे. आम्ही सर्व पावत्या आणि उत्पन्नाचा दाखला एका फाइलमध्ये लावून ठेवला आहे, कारण पुढील दोन्ही वर्षी सवलतीच्या नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागणार आहे.