‘कन्व्हर्ट केलेला’ जपानी कीबोर्ड घेताना

जपानहून आलेले जुने, वाजवायचे कीबोर्ड हल्ली बरेच विकायला असतात. माल बहुतेक वेळा चांगला असतो. कळा टणक, आवाज स्वच्छ, आणि काही मॉडेलं तर तिथल्या बाजाराबाहेर कधी विकलीच गेली नाहीत. अडचण एवढीच की ते १०० व्होल्टवर चालतात आणि आपल्या भिंतीतून २३० येतात. या एका अडचणीवर काही लोकांनी धंदा मांडलाय. माझे पैसे त्यात गेले. युक्ती अगदी फुटकळ आहे, पण कीबोर्डची पेटी बंद असताना ती बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळं लिहितोय.

जाहिरातीत होतं, ‘२३० व्होल्टला कन्व्हर्ट केलेला, थेट प्लग लावा आणि वाजवा.’ फोनवर विचारलं तर उत्तर आलं, “आतला ट्रान्सफॉर्मरच बदललाय साहेब, बिनधास्त लावा.” त्या कामाचे पैसे किमतीत वेगळे धरलेले. बघायला गेलो तेव्हा कीबोर्ड टेबलावर तयार होता. पियानो, स्ट्रिंग्ज, एक-दोन रिदम, सगळं झकास वाजलं. पाचेक मिनिटांत विक्रेत्याने स्विच बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली. ही घाई कशासाठी होती ते पुढे येईलच.

मागच्या बाजूला ‘२२०-२४० व्होल्ट’ असा स्टिकर होता आणि त्याच्याखाली कंपनीच्या मूळ माहितीपट्टीवरचं ‘५०/६० हर्ट्झ’ दिसत होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “हे बघा, ५०/६० लिहिलंय, म्हणजे जगात कुठेही चालणारा.” हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी इतकं बसलंय की जरा थांबून सांगतो. हर्ट्झ म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी, तिचा आणि व्होल्टचा इथे काही संबंध नाही. जपानमध्येच दोन्ही फ्रिक्वेन्सी आहेत. १८९५ मध्ये टोकियोसाठी जर्मन जनित्रं आणली, ती ५० हर्ट्झची होती. पुढच्या वर्षी ओसाकासाठी अमेरिकेतून आणली, ती ६० ची. ती फाळणी आजतागायत तशीच आहे. त्यामुळे जपानमध्ये विकायच्या वस्तूवर सहसा ५०/६० छापलेलं असतं, आणि व्होल्ट मात्र दोन्हीकडे १००. जगभर चालणाऱ्या वस्तूवर ‘१००-२४० व्होल्ट’ असं कारखान्यातच छापलेलं असतं, वरून चिकटवलेलं नसतं.

घरी पहिला अर्धा तास बरा गेला. मग मागच्या डाव्या कोपऱ्यातून गरम प्लॅस्टिकचा वास यायला लागला. दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक होती. हळू वाजवलं की ठीक, पण आवाज वाढवून ड्रमचा रिदम लावला की प्रत्येक ठोक्याला डिस्प्ले मंद व्हायचा आणि थोड्या वेळाने कीबोर्ड आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. विक्रेत्याला फोन केला तर, “तुमच्याकडे लाइटच कमी-जास्त होत असेल.”

दुरुस्तीवाल्याकडे पेटी उघडली तेव्हा सगळा उलगडा झाला. मूळ ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी होता, त्याच्यावरचं १०० व्होल्टचं लेबलसुद्धा शाबूत. बदललं काहीच नव्हतं. आत येणाऱ्या वायरपैकी एक मध्येच तोडून तिथे पांढरे सिमेंट रेझिस्टर, म्हणजे जास्तीचे व्होल्ट खाऊन त्यांची उष्णता करणारे तुकडे, जोडलेले होते. सोल्डरिंगचा डाग न देता नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली. रेझिस्टर ग्लू गनच्या गोंदाने पेटीला चिकटवलेले, आणि तो गोंद वितळून ओघळलेला. खालचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. फ्यूजच्या जागी तर चक्क वायरीतली तांब्याची तार.

याचा हिशेब साधा आहे. माहितीपट्टीवर १५ वॅट असतील तर १०० व्होल्टवर हा कीबोर्ड साधारण ०.१५ अँपिअर घेतो. उरलेले १३० व्होल्ट रेझिस्टरने खायचे म्हणजे १३० गुणिले ०.१५, जवळपास २० वॅट. कीबोर्ड स्वतः जेवढं खातो त्याहून जास्त वीज बंद प्लॅस्टिकच्या पेटीत नुसती उष्णता होऊन बसते. पाच मिनिटांत ती बाहेर कळत नाही, तासाभरात कळते.

डिस्प्ले मंद होण्याचं कारणही तेच. रेझिस्टर किती व्होल्ट खाणार हे त्यातून जाणाऱ्या करंटवर ठरतं. ड्रमचा ठोका पडला, स्पीकरने करंट ओढला, की रेझिस्टर जास्त खातो आणि ट्रान्सफॉर्मरला कमी उरतं. शांत असताना उलट, ट्रान्सफॉर्मरला १०० पेक्षा जास्त मिळतं आणि पुढचा रेग्युलेटर (आतले व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) तापतो. म्हणजे कुठल्याच क्षणी त्या यंत्राला हक्काचे १०० व्होल्ट मिळत नव्हते. आणि फ्यूज नसल्यामुळे एखादा रेझिस्टर शॉर्ट झाला असता तर अडवायला मध्ये काही नव्हतं.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. आधी “पेटी उघडलीत, आता माझी जबाबदारी नाही.” मग फार लावून धरल्यावर म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत, पण एक कन्व्हर्टर फुकट देतो. तो आला तो तळहातात मावणारा, हलका डबा, वर लिहिलेलं ‘१६०० वॅट’. त्याने मल्टिमीटर लावून ११० व्होल्ट दाखवणारा व्हिडिओही पाठवला.

ही दुसरी फसवणूक, पहिलीपेक्षा वाईट. खरा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं. शंभर वॅटचा घेतला तरी हातात जड लागतो, मग १६०० वॅटचा खिशात कसा मावेल? हे डबे हेअर ड्रायर, प्रवासातली इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. आत ट्रायक नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो विजेच्या लाटेचा काही भाग कापतो. तापणाऱ्या तारेला सरासरीशी मतलब, तिचं भागतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूला मात्र लाटेचं शिखर भोवतं, कारण एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरचा, वीज साठवणारा कपॅसिटर शिखरापर्यंत चार्ज होतो. १०० व्होल्टच्या न कापलेल्या लाटेचं शिखर १४१ असतं, २३० चं ३२५. कापलेल्या लाटेत ते तीनशेच्या आसपास सहज राहतं. स्वस्त मल्टिमीटर लाट कापलेली नाही असं धरूनच आकडा दाखवतो, म्हणून त्या व्हिडिओतल्या ११० ला काही अर्थ नाही. मी तो डबा लावलाच नाही.

पुढे दुरुस्तीवाल्याने रेझिस्टर काढून टाकले, नवा फ्यूज बसवला आणि बाहेरून २३० ते १०० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायला सांगितलं. १०० चा मागा, ११० चा नको. ११० वाले अमेरिकी वस्तूंसाठी सर्रास मिळतात, आणि भिंतीत २५० आले की ते जवळपास १२० देतात. १०० व्होल्टच्या कीबोर्डला ते फार झालं. क्षमता कीबोर्डच्या वॅटच्या दोन-तीन पट पुरे. शिवाय तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा असावा. प्लग भिंतीतून काढून मीटरने इनपुटची आणि आउटपुटची पिन तपासा. दोन्ही जोडलेल्या दिसल्या तर तो ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन्हीकडे मिळून एकच वाइंडिंग. तोही चालतो, पण त्याचं सामाईक वाइंडिंग तुटलं तर पूर्ण २३० थेट कीबोर्डात जातात.

आतून कन्व्हर्ट करणं मुळात खोटं नाही, हेही सांगायला हवं. काही मॉडेलांच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीवर (वीज आत येते त्या वाइंडिंगवर) वेगळ्या व्होल्टसाठी जास्तीचे टॅप, म्हणजे जोड असतात, सर्व्हिस मॅन्युअल बघून वायर हलवली की झालं. काहींना सेकंडरीवर (बाहेरच्या बाजूला) तेवढेच व्होल्ट देणारा २३० चा ट्रान्सफॉर्मर बसवता येतो, त्यासोबत फ्यूज निम्म्याहून कमी अँपिअरचा लागतो. आणि कीबोर्ड बाहेरच्या डीसी अडॅप्टरवर चालत असेल तर आत हात घालायची गरजच नाही. तेवढेच व्होल्ट आणि तेवढाच किंवा जास्त अँपिअर देणारा आपल्याकडचा अडॅप्टर घ्यायचा. फक्त टोकाची पोलॅरिटी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कुठे आहे ते) बघून, कारण सगळ्यांत मधली पिन पॉझिटिव्ह नसते.

म्हणून ‘कन्व्हर्ट केलेला’ कीबोर्ड दिसला तर आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या लेबलाचा फोटो मागा. ज्याने खरंच काम केलंय त्याला तो पाठवायला अडचण नसते. स्टिकरची कड नखाने उचलून खाली काय छापलंय ते वाचा. मोठ्या आवाजात ड्रम लावून तासभर चालू ठेवा आणि मागच्या बाजूला हात लावून बघा. ‘ट्रान्सफॉर्मर बदलला’ हे बिलावर लिहून घ्या. माझ्याकडे बिल होतं, पण त्यावर नुसतं ‘कीबोर्ड, जुना’ एवढंच होतं, आणि तक्रार करायला गेल्यावर विक्रेत्याने तेच पुढे केलं.