घरी वाईन करायचं किट: सहा-सात महिने वापरल्यावर, मुख्यतः बुचाबद्दल

किटमध्ये काय काय येतं ते वाचणाऱ्यांना माहीत असतंच, त्यामुळे ओळख परेड करत बसत नाही. साडेचार लीटरचा डेमीजॉन (वाईन आंबवायची अरुंद तोंडाची मोठी बाटली), द्राक्षाचं कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस), नवशिक्यांसाठी म्हणून विकतात ते. चाळीस पौंडांच्या आत पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. मी रेडिंगला राहते. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती वाईन करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. पुण्या-नाशिकच्या मंडळींनी मात्र हे वाचून उत्साहाने बादल्या काढू नयेत. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना वाईन करणं हा गुन्हा आहे.

तर बूच. डेमीजॉनच्या तोंडात बसणारं भोकाचं रबरी बूच, ज्यात एअरलॉक खोचायचा, म्हणजे पाणी भरलेली वाकडी नळी, जिच्यातून आतला गॅस बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. किटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि कुकरला रिंगचं जे काम तेच इथे याचं. आमचं बूच कोरडं असताना झकास बसायचं, ओलं झालं की सुळकन वर. आता निर्जंतुक करायचं म्हणजे ओलं होणारच की! रात्री दाबून बसवावं, तर सकाळी साहेब तिरके, आणि एअरलॉकच्या दोन्ही फुग्यांत पाणी एका पातळीला. म्हणजे गॅस एअरलॉकमधून न जाता बुचाच्या कडेने पसार होतोय. पुस्तिका म्हणते, बुडबुडे थांबले की आंबणं संपलं. नवखा माणूस हे वाचून यीस्ट मेलं असं धरून चालणार आणि सगळा रस सिंकमध्ये ओतणार.

तपासायची युक्ती सांगते. बूच बोटाने हलकेच दाबा. एअरलॉकमधलं पाणी एका बाजूला चढलं पाहिजे आणि बोट न हलवता तिथेच थांबलं पाहिजे. ते हळूहळू परत समपातळीला आलं तर कुठूनतरी हवा जातेय. आमच्याकडे तीन-चार सेकंदांत परत यायचं.

कंपनीला लिहिलं. आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ मागितला. मग उत्तर आलं की रबरी भाग ‘झिजणारे’ असल्याने वॉरंटीत येत नाहीत. दोन आठवड्यांत झिजलं? मी 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टचा दाखला दिला: पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो मुळात नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. त्यावर नवीन बूच आलं. त्याच मापाचं, तितकंच निसरडं. सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं व्हाउचर. शेवटी गावातल्या होमब्रूच्या दुकानात डेमीजॉनच घेऊन गेले. काउंटरवरच्या आजोबांनी गळ्यात अंगठा घालून बघितलं आणि एक माप मोठं बूच काढून दिलं. एक पौंड. त्या दिवसापासून जागचं हललेलं नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी, मात्र मला सुरुवातीला खोका भरायला टाकलेलं खेळणं वाटला होता. ते मत मी मागे घेते. बुडबुडे थांबले तेव्हा काचनळीत रस घेऊन हायड्रोमीटर सोडला, तर आकडा उतरतच होता (साखरेचं अल्कोहोल होत जातं तसा तो उतरतो). म्हणजे यीस्ट मजेत होतं, खोटं बोलत होतं ते बूच. फक्त वाचायच्या आधी तो नळीत गर्रकन फिरवा. अंगाला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. आमची वाईन 1.085 ला सुरू झाली, 0.994 ला थांबली. फरकाला 131 ने गुणायचं, साधारण 12 टक्के अल्कोहोल. आकडा काही दिवस एकाच जागी राहिल्याशिवाय बाटल्या भरू नका. साखर शिल्लक असेल तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं आणि काच फुटते.

आता चव. पहिल्या घोटाला मी या किटला एक तारा देणार होते. पातळ, आंबट, मागे गंधकाचा वास. नवरा म्हणाला, ‘रस्सा कर याचा.’ पण कंजूषपणा कामाला आला, फेकवेना. तळाचा गाळ मागे ठेवून दोनदा काढून घेतली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिली. चार-पाच महिन्यांनी उघडली, तर वास गेलेला, आंबटपणा खाली बसलेला. थोर नाही, पण पाहुण्यांना द्यायला लाज वाटणार नाही इतपत. खोक्यावर मात्र ‘काही आठवड्यांत तयार’ असं ठळक छापलंय.

खोक्यावर सहा बाटल्याही छापल्यात. साडेचार लीटर भागिले पाऊण लीटर, गणित बरोबर. गाळ कोण मोजणार? हातात पाच बाटल्या आणि एक ग्लास येतो.

खरी मजा त्याच डेमीजॉनमध्ये ब्लॅकबेरीची केली तेव्हा आली. ऑगस्टअखेर केनेट नदीच्या काठच्या झुडपांवर फुकट लगडलेल्या असतात. दोन किलो बेरी, 900 ग्रॅम साखर, पेक्टिन (फळातला जेलीसारखा भाग) तोडणारं एन्झाइम, एक कॅम्पडन गोळी (जंतू मारणारी, सल्फाइटची). गोळी टाकल्यावर 24 तास थांबून मगच यीस्ट. चारेक दिवस बादलीत लगद्यासकट आंबवायचं, मग मलमलीतून गाळून डेमीजॉनमध्ये. हात आठवडाभर जांभळे. दुकानातल्या 12 टक्क्यांच्या बाटलीत अडीच पौंडांहून जास्त तर नुसती दारूवरची ड्युटी असते, वर 20 टक्के व्हॅट. मला बाटली पौंडाच्या आत पडली, आणि चवीला किटपेक्षा कितीतरी सरस.

आईचा फोनवर पहिला प्रश्न: ‘आंधळं नाही ना गं होणार?’ 2015 चं मुंबईतल्या मालवणीचं विषारी दारूकांड तिच्या डोक्यात पक्कं आहे. तिथे मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) प्यायल्याने शंभरावर माणसं गेली. फळांच्या वाईनमध्ये ते अगदी किरकोळ असतं. आपण फक्त आंबवतो, भट्टी लावत नाही. भट्टी इथेही परवान्याशिवाय बेकायदाच. तिला हे पटलेलं नाही.

किट घेऊ नका. डेमीजॉन, हायड्रोमीटर, एअरलॉक सुटे घ्या, आणि बूच दुकानात जाऊन तोंडाला लावून, ओलं करून बघून घ्या. दहा टक्क्यांचं व्हाउचर माझ्याकडे तसंच पडून आहे. कुणाला हवं असेल तर सांगा, मला त्यांच्याकडून आणखी काही घ्यायचं नाहीये.