लॅपटॉपच्या पाइपमध्ये 'गॅस' भरून देणारे

पुण्यातल्या एका रिपेअरिंगच्या दुकानाने माझ्या लॅपटॉपच्या 'हीट पाइपमधला गॅस भरायचे' ४,५०० रुपये घेतले. हीट पाइप म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी तांब्याची नळी. तिच्यात असा काही गॅस भरायचा नसतो. तुमचाही लॅपटॉप तापत असेल आणि कोणी हेच सांगत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

मी इंटिरियरची कामं करते, त्यामुळे थ्रीडी रेंडरिंग, म्हणजे डिझाइनचं खरंखुरं वाटणारं चित्र कॉम्प्युटरकडून तयार करून घेणं, रोजचंच. जुन्या लॅपटॉपवर रेंडर लावलं की तापमान ९७-९८ अंशांवर जायचं आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावता यायचा नाही. दुकानातल्या माणसाने मागचं झाकणही न उघडता निदान केलं. "मॅडम, कॉपर पाइपमधला गॅस संपलाय. एसीचा संपतो ना, तसाच. गॅस भरतो, इम्पोर्टेड पेस्ट लावतो, दोन वर्षं बघायला नको." लॅपटॉप ठेवून जा म्हणाले. समोर उघडा म्हटलं तर "आत क्लीन रूम आहे, कस्टमरला अलाउड नाही."

परत घेताना त्यांनी स्क्रीनवर आकडा दाखवला : ६१ अंश. यूट्यूब लावून दाखवलं, तरी ६१. पंखा शांत. मी पैसे दिले.

घरी रेंडर लावलं. आधी पंचवीस मिनिटांत होणारं काम तासाभरानेही संपेना. तापमान मात्र झकास! एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास पळणारा प्रोसेसर दोनच्याही खाली रांगत होता. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये शिरले. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' अशी एक ओळ असते. एरवी तिथे १००% असतं, माझ्याकडे ५०% होतं. गारव्याचं रहस्य एवढंच. प्रोसेसरला कामच करू दिलं नाही तर तो तापेल कशाला?

नवऱ्याच्या ऑफिसात हार्डवेअर बघणारा मुलगा आहे, त्याने लॅपटॉप आमच्या डायनिंग टेबलावर उघडला. पंखा जिथे जाळीदार फिन्सवर (धातूच्या पातळ पट्ट्यांवर) हवा फेकतो, तिथे करड्या धुळीचा थर होता, चिमट्याने सोलून एका तुकड्यात निघाला. नळी आणि फिन्स मिळून जो भाग प्रोसेसरवर बसवलेला असतो, त्या हीट सिंकच्या एका स्क्रूवर कंपनीचा बारीक गोल स्टिकर असतो. तो शाबूत! म्हणजे हीट सिंक एकदाही निघालं नव्हतं. काढल्यावर खालची, प्रोसेसरची उष्णता हीट सिंककडे पोचवणारी पेस्ट खडखडीत वाळलेली, पापुद्रे सुटणारी. 'इम्पोर्टेड' कुठली, कंपनीतून आली तीच.

हीट पाइपचं त्याने सांगितलं ते असं : तांब्याची नळी दोन्ही टोकांना कायमची बंद असते. आत अगदी थोडं पाणी, तेही कमी दाबाखाली. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, फिन्सकडे पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून ते परत येतं. भरायला तोंडच नाही. नळी चेपली किंवा फुटली तर अख्खं हीट सिंक बदलायचं. पंखा हाताने अडवून धरत त्याने धूळ काढली, नवी पेस्ट लावली, पॉवर सेटिंग १००% वर आणलं. आता त्याच रेंडरला ८४ अंश, आणि वेळही पहिल्यासारखा. पेस्टची ट्यूब काही शे रुपयांची.

तेव्हा दुरुस्तीनंतर नुसतं तापमान बघू नका. लॅपटॉप देण्याआधी घरी सिनेबेंच (प्रोसेसरची ताकद मोजून स्कोअर देणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा, स्कोअर आणि तापमान दोन्हींचा फोटो काढा. परत घेताना दुकानातच, चार्जर लावून, तीच टेस्ट करा. तापमान उतरलं आणि स्कोअरही कोसळला, तर काहीतरी गडबड आहे. लॅपटॉप समोर उघडायला नकार देणाऱ्याला तो देऊच नका. झाकण उघडायला एक स्क्रूड्रायव्हर लागतो, क्लीन रूम नाही. आणि बिलावर काय केलं ते लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'लॅपटॉप सर्व्हिस' होतं, त्यामुळे "गॅस असं आम्ही बोललोच नाही" म्हणायला ते मोकळे.

नशिबाने गॅसचा उल्लेख त्यांनीच व्हॉट्सॲपवर कोटेशन देताना केला होता. त्याचा स्क्रीनशॉट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, २,५०० रुपये परत करतो, पण गूगलवरचा रिव्ह्यू काढा. पूर्ण रक्कम मागितली आहे. रिव्ह्यू काढलेला नाही.