गुपित, प्रेम आणि नशीब: कॉमिक्सची पहिली मालिका कोणती घ्यावी?

आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर एक लहानसे वाचनालय आहे. यंदा गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडी रक्कम शिल्लक राहिली, तेव्हा मुलांसाठी कॉमिक्सचे एक कपाट सुरू करावे असे मंडळात ठरले आणि सुरुवात कोणत्या मालिकेने करावी हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. पैसे एकाच मोठ्या संचापुरते आहेत. माडीवर येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना लक्षात आले की हाणामारीपेक्षा त्यांची उत्सुकता वेगळ्याच गोष्टीत गुंतलेली असते: तो कोण आहे हे तिला कळते का, कळल्यावर ती काय करते, आणि प्रत्येक वेळी त्याचेच नशीब आडवे का येते. म्हणून मीही गुपित, प्रेम आणि नशीब या तीनच अंगांनी मालिका ताडून पाहिल्या. असाच निर्णय घ्यायचा असलेल्या इतर वाचनालयांना आणि पालकांना तो आढावा उपयोगी पडावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आधी माझी कसोटी सांगतो. वेशांतर म्हटले की कोल्हापुरातल्या माणसाला पन्हाळा आठवतो. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेश करून दुसऱ्या पालखीत बसला आणि ओळख उघड झाल्यावर मारला गेला. तिथे सोंग ज्याने घेतले त्यानेच किंमत मोजली. सुपरहिरोंच्या कथांत बहुधा याच्या उलट घडते: मुखवटा घालणारा वाचतो आणि त्याच्या शेजारी उभे असलेले माणूस जाते. त्यामुळे ओळख लपवण्याची किंमत कोण मोजतो, आणि ज्याला मोजावी लागते त्याला निदान सत्य सांगितलेले असते का, हा प्रश्न मी प्रत्येक मालिकेला विचारला.

सुपरमॅनपासून सुरुवात करणे रीतसर ठरेल, कारण जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याला आणले, तेव्हा लोइस लेनही त्याच अंकात होती. म्हणजे ओळख लपवणारा नायक आणि त्याच्या दोन रूपांपैकी एकावर भाळून दुसऱ्याला तुच्छ लेखणारी नायिका, ही जोडी या प्रकाराच्या जन्मापासूनची आहे. पुढे लोइसच्या नावाने १९५८ ते १९७४ या काळात १३७ अंकांची स्वतंत्र मालिका निघाली. त्यांपैकी सुरुवातीच्या वर्षांतले कित्येक अंक एकाच चालीचे आहेत: लोइसला संशय येतो, ती पुरावा गोळा करते आणि सुपरमॅन काहीतरी युक्ती करून तिला खोटे पाडतो. एका हुशार वार्ताहर स्त्रीला तिच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावणे हा त्यातला विनोद आहे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या हाती तो प्रेमकथा म्हणून द्यावा असे मला वाटत नाही. हे अंक अभ्यासकाने जरूर पाहावेत, पण पहिल्या कपाटात त्यांना जागा नको.

१९८६ नंतरचा सुपरमॅन मात्र निराळा आहे. जॉन बर्न यांनी त्याची कथा नव्याने मांडली तेव्हा क्लार्क केंट हा खरा माणूस आणि सुपरमॅन हा त्याने कामासाठी चढवलेला वेश, असा उलटा क्रम लावला. त्याचे फळ १९९० मध्ये दिसते. क्लार्क लोइसला मागणी घालतो तो क्लार्क म्हणून, आणि ती त्याला होकार देते तीही क्लार्क म्हणूनच. आपण सुपरमॅन आहोत हे तो तिला त्यानंतर, १९९१ च्या आरंभी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ६६२ व्या अंकात सांगतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण तिने निवडलेला माणूस चष्म्यातला आहे, आकाशात उडणारा नव्हे. तरीही होकार घेऊन झाल्यावर सत्य सांगणे पुरेसे प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मुलांनी आपापसांत वाद घालण्याजोगा आहे. १९९६ मध्ये त्यांचे लग्न झाले. नशिबाच्या बाबतीत मात्र ही मालिका कोरडी आहे. बाळाचे यान केंट दांपत्याच्या शेताजवळ उतरले, एवढीच काय ती दैवाची कृपा. त्यानंतर सुपरमॅनवर नशीब रुसले आहे असे फारसे वाटत नाही.

स्पायडरमॅनकडे वळल्यावर तिन्ही धागे एकाच वेळी हाती लागतात. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी पीटर पार्करला आणले. त्याला किरणोत्सारी कोळी चावतो हे दैव; समोरून पळणारा चोर तो आडवत नाही हे कर्म; आणि तोच चोर पुढे त्याच्या बेन काकांचा जीव घेतो. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो, पण ती इतकी नेमकी बसलेली कथा मी क्वचितच वाचली आहे. घरभाडे थकणे, औषधाचे पैसे कमी पडणे, ठरलेल्या भेटीच्या वेळीच शहरावर संकट येणे, याला त्या कथांत ‘पार्करचे नशीब’ असेच नाव पडले आहे. पण नीट पाहिले तर ते नुसते दुर्दैव नाही. भेटीला जाणे आणि संकटाकडे धावणे यांतून तो दर वेळी स्वतः निवड करतो, आणि कारण सांगता येत नसल्यामुळे ती निवड समोरच्या मुलीला बेपर्वाई वाटते.

प्रेमाच्या बाजूनेही ही मालिका आपल्याकडच्या घरांच्या जवळची आहे. मे काकूंच्या मनात शेजारच्या ॲना वॉटसनबाईंच्या नात्यातली मुलगी पीटरसाठी भरलेली असते. पीटर किती तरी अंक काही ना काही सबब सांगून तिला भेटणे टाळतो, आणि १९६५ च्या एका अंकात ती घरी येऊन बसते तेव्हाही चित्रकार तिचा चेहरा फुलाआड ठेवतो. कांदेपोह्यांचा कार्यक्रम चुकवत फिरणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. अखेर ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ या मालिकेच्या नोव्हेंबर १९६६ च्या ४२ व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत, जॉन रोमिटा यांच्या हातून, मेरी जेन दारात उभी राहते आणि त्याला जॅकपॉट लागल्याचे स्वतःच सांगते. ज्याचे नशीब सदा फुटके, त्याला लॉटरी लागल्याची बातमी अशा रीतीने मिळावी, यातला आनंद मला आजही तितकाच ताजा वाटतो.

जून १९७३ च्या १२१ व्या अंकाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझा निर्णय बराचसा त्यावर टेकलेला आहे. लेखन जेरी कॉनवे यांचे, चित्रे गिल केन यांची. ग्रीन गॉब्लिन म्हणजे नॉर्मन ऑसबॉर्न, याला पीटरची ओळख माहीत आहे. पीटरचे जिच्यावर प्रेम आहे त्या ग्वेन स्टेसीला ती माहीत नाही. गॉब्लिन तिला पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो आणि खाली ढकलतो. पीटर जाळ्याचा धागा सोडतो, धागा तिच्या पायाला लागतो, पडणे थांबते. त्या चौकटीत तिच्या मानेपाशी लहान अक्षरांत हाड मोडल्याचा आवाज लिहिलेला आहे, इतका लहान की पहिल्या वाचनात तो निसटतो. पीटर तिला वर ओढताना आपल्याच चपळाईवर खूश असतो, आणि ती गेली आहे हे त्याला हातात घेतल्यावर कळते. अंकाचे शीर्षकही पहिल्या पानावर छापलेले नाही. ते शेवटच्या पानावर येते. ज्या धाग्याने त्याने शेकडो माणसे वाचवली त्याच धाग्याच्या हिसक्याने ती गेली, आणि आपण कोणत्या गुपितापायी जात आहोत हे तिला सांगितलेले नव्हते. माझ्या कसोटीवर ही मालिका येथे सर्वात कठोरपणे उघडी पडते, आणि लेखकांनी ते झाकले नाही म्हणूनच ती सर्वात खरी ठरते.

त्यापुढच्या १२२ व्या अंकाचे अखेरचे पान मला १२१ इतकेच महत्त्वाचे वाटते. दुःखाने कडवट झालेला पीटर मेरी जेनला घालवून देण्यासाठी लागेल असे बोलतो. सदा हसतखेळत राहणारी ती मुलगी रडत दारापर्यंत जाते, दाराला हात लावते, आणि बाहेर न पडता दार आतून लावून घेते. पुढे १९८४ मध्ये ती त्याला सांगते की त्याचे गुपित तिला ठाऊक आहे. ज्याला सत्य सांगितले नाही त्याने ते स्वतःहून ओळखून, जपून, तरीही थांबावे, ही या साऱ्या वाङ्मयातली मला सर्वात आवडणारी प्रेमकथा आहे. १९८७ मध्ये त्यांचे लग्न झाले. २००७ च्या सुमारास प्रकाशकांनी मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करवून ते लग्नच पुसून टाकले. तो भाग आपल्या कपाटात नसला तरी वाचकाचे नुकसान नाही.

याच मालिकेत नशीब हीच जिची शक्ती आहे अशी ब्लॅक कॅट, म्हणजे फेलिशिया हार्डी, १९७९ मध्ये आली. आरंभी तिच्याभोवती घडणारे अपघात तिने आधीच रचून ठेवलेले असतात. १९८० च्या दशकात किंगपिन या गुन्हेगारांच्या म्होरक्याच्या मदतीने तिला खरोखरच दुसऱ्यावर अवदसा आणण्याची शक्ती मिळते, आणि तिच्या सहवासाची झळ स्पायडरमॅनलाही लागते. पण त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे पीटर तिच्यासमोर मुखवटा काढतो तेव्हा तिचा विरस होतो. तिला कोळी हवा आहे, घरभाडे थकलेला मुलगा नको आहे. लोइसच्या जुन्या कथांत जे विनोदाने येते ते येथे दुःखाने येते, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर फरक लगेच कळतो.

नुसते नशीब हाच विषय हवा असेल तर ॲन नोसेंटी आणि आर्थर ॲडम्स यांची १९८५ ची सहा अंकी ‘लाँगशॉट’ पाहावी. त्यातल्या नायकाचे नशीब त्याचा हेतू निर्मळ असेपर्यंतच त्याला साथ देते. कल्पना सुंदर आहे, मात्र कथा नवख्या वाचकाला गोंधळात टाकणारी असल्यामुळे ती दुसऱ्या वर्षी घ्यावी.

बॅटमनविषयी थोडक्यात सांगतो. कॅटवुमन १९४० पासून त्याच्या बरोबरीने आहे. दोघेही मुखवट्यातले, त्यामुळे फसवणूक झालीच तर दोन्ही बाजूंनी होते. २००२-०३ च्या ‘हश’ या कथेत तो तिला आपली ओळख सांगतो आणि २०१८ मध्ये पन्नासाव्या अंकात त्यांचे लग्न होता होता राहते. चित्रे देखणी आहेत, परंतु तो श्रीमंत आहे आणि एकटेपणा त्याने स्वतः निवडलेला आहे, त्यामुळे माडीवरच्या मुलांना त्याच्या अडचणी दूरच्या वाटतील.

मराठीतून वाचायचे असेल तर एकच नाव पुढे येते, ते वेताळाचे, म्हणजे मूळ इंग्रजीतल्या ‘फँटम’चे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत पोचला. मंगळवार पेठेत माझ्या मामांकडे त्याचे अंक सुतळीने बांधून फडताळात ठेवलेले असत. पिना गंजून मधली पाने सुटलेली, आणि एखाद्या अंकाचे शेवटचे पान नसले की पुढे काय झाले ते मामा तोंडी सांगत. गुपिताच्या बाबतीत वेताळ इतरांहून अगदी वेगळा आहे. बापामागून मुलगा असे एकवीस जण तोच वेश घालत आले आहेत, म्हणून जग त्याला अमर समजते. त्याची प्रेयसी डायना मात्र सत्य जाणते. १९७७ मध्ये त्यांचे लग्न झाले. येथे गुपित जगापासून आहे, पत्नीपासून नाही, आणि माझ्या कसोटीवर हा सर्वात स्वच्छ संसार आहे. त्याच कारणाने त्यात ताण कमी आहे. शिवाय जंगलातल्या लोकांनी एका गोऱ्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या देवासारखे मानावे, ही त्यातली जुनी दृष्टी मुलांशी बोलून उलगडावी लागते. तरीही घराघरांतून जुने अंक मिळाले तर ते कपाटात असावेतच. त्यासाठी वर्गणीतून खर्च करण्याची गरज नाही, पेठेत आवाहन करणे पुरेल.

दहा-बारा वर्षांच्या मुलांनी ‘मिरॅक्युलस’चे नाव सुचवले, आणि विषयाच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या फ्रेंच ॲनिमेशन मालिकेवरून कॉमिक्सही निघाली आहेत. लेडीबग म्हणजे मुखवट्यातली मॅरिनेट, ती शुभ नशिबाची; कॅट न्वार म्हणजे मुखवट्यातला एड्रियन, तो अशुभाचा; मॅरिनेटचे एड्रियनवर प्रेम आणि एड्रियनचे लेडीबगवर, पण दोघांनाही समोरचा कोण हे माहीत नाही, त्यामुळे दोनच माणसांत प्रेमाची चार नाती तयार होतात. रचना मोठी चतुर आहे. मात्र कथेच्या शेवटी जादूने सारी पडझड पूर्ववत होते आणि कोणाला काही गमवावे लागत नाही. लहान वयासाठी तो दिलासा चांगलाच आहे. आमच्या कपाटाचे वाचक तेरा ते अठरा वयाचे आहेत.

म्हणून मंडळाला मी स्पायडरमॅन सुचवला आहे. संच घेताना रंगीत ‘एपिक कलेक्शन’चे खंड घ्यावेत. ‘एसेन्शियल’ नावाचे जाडजूड खंड जुन्या बाजारात दिसतात, पण ते कृष्णधवल आहेत आणि मेरी जेनच्या लाल केसांशिवाय ४२ वा अंक अर्धाच राहतो. इंग्रजीची अडचण येईल. पण वाक्ये छोटी आहेत आणि रोमिटांची चित्रे चेहऱ्यावरूनच बरेच सांगतात, शिवाय शनिवारी संध्याकाळी मी स्वतः बसून मराठीत सांगणार आहे. पीटरच्या कॉलेजच्या वर्षांपासून सुरुवात करून १२२ व्या अंकापर्यंतचे खंड आधी घ्यावेत, उरलेल्या पैशांत १९९० नंतरच्या सुपरमॅनचा एखादा खंड घ्यावा. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे राहील त्याला एक विनंती केली आहे: १२१ आणि १२२ हे दोन अंक एकाच बैठकीत वाचायला द्यावेत, १२१ संपवून कोणी घरी निघाले तर त्याला दहा मिनिटे थांबवावे आणि ते दार आतून लावले जाईपर्यंत वाचू द्यावे.