फोनवरून माझ्या कानातली शिट्टी 'ऐकणारा' डॉक्टर

एकूण 12,449 रुपये गेले. घरात फक्त 2,499 चा आकडा माहीत आहे, त्यामुळे मला ओळखलंत तरी गप्प बसा.

बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर 22 वर्षं काढली. मागाच्या खडखडाटात शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, तिथे कान शाबूत राहतील कसे? चार वर्षं डाव्या कानात शिट्टी वाजतेय, रात्रंदिवस. वर आवाज सोसत नाही. ताटावर चमचा पडला तरी सुई टोचल्यासारखं होतं. गणपतीत डॉल्बी लागला की मी खानापूरला बहिणीकडे पळतो.

कानाच्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं होतं. आवाजाने मेलेल्या आतल्या पेशी परत येत नाहीत, शिट्टी बंद करणारं औषध नाही. रात्री पंखा चालू ठेवा, दिवसभर कानात बोळे कोंबू नका, नाहीतर आवाज आणखी सोसेनासा होईल. पण झोप उडालेल्या माणसाला 'सवय करून घ्या' कसं पटावं? मोबाइलवर '21 दिवसांत शिट्टी बंद' दिसलं आणि नंबर लावला.

माणूस गोड बोलायचा. रिपोर्ट मागितला, मी ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, कागद व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, फोन डाव्या कानाला घट्ट लावा, मिनिटभर बोलू नका. मशीनवर घेतो." मी भिंतीकडे तोंड करून, श्वास रोखून उभा. मग म्हणाला, "चार हजारावर दोष आहे." अंगावर काटा आला, किती अचूक! अहो, अचूक असणारच. कागदावर 4000 हर्ट्झपाशीच ऐकण्याची रेघ घसरलेली होती आणि कागद मीच पाठवला होता! शेजारी झोपणाऱ्या बायकोला जी शिट्टी चार वर्षांत ऐकू आली नाही, ती ह्याला फोनमधून ऐकू आली, आणि मी 'हो डॉक्टर' म्हणालो.

तेल आणि गोळ्या 2,499. बाटलीवर बॅच नंबर नाही, तारीख नाही, नुसता कापराचा वास. कान चुरचुरला तर म्हणे दोष बाहेर पडतोय. (पडदा तपासल्याशिवाय कानात थेंबसुद्धा घालू नका.) मग 'नस मोकळी करणारा' पट्टा, 6,800. पैसे परत मागितले तर क्यूआर पाठवला, पिन टाकला, आणखी 3,150 गेले. पैसे यायला पिन लागत नाही, हे मीच मुलीला शिकवलं होतं.

असं झालं तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, तासाभरात. मी लाजेने नवव्या दिवशी केला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. ठाण्यात म्हणाले, पार्सल महाराष्ट्रातून आलंय, तिकडे जा. तिकडे फोन केला तर, तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच द्या. आम्हा सीमेवरच्यांना हे नवीन नाही, पण चोरीलाही हीच तऱ्हा? झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, ठासून सांगा. बहिरेपण बरं करतो अशा औषधाच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, असं मी साहेबांना म्हटलं. ते हसले, "तुम्ही बहिरे कुठे आहात?"

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, तोही कन्नडमध्ये हवा म्हणून. बाहेर 150 देऊन लिहून घेतला आणि सही ठोकली. घरी मुलीने वाचला. त्यात लिहिलंय, औषधाचा गुण आला नाही म्हणून अर्जदार पैसे परत मागतो.