शाळेचा तयार पीटी संच: रिंग हव्यात, व्हॉलीबॉल गाळा

पाचवी ते आठवीसाठी दुकानात मिळणाऱ्या तयार संचात साधारण 2 फुटबॉल, 1 व्हॉलीबॉल, दोरीउड्यांच्या 10 दोऱ्या, 6 रबरी रिंग, खुणेचे प्लास्टिक कोन, पंप आणि शिट्टी असते. यादी भरगच्च दिसते, पण 40 मुलांच्या वर्गाला लावून बघा. 35 मिनिटांच्या तासातली 10 मिनिटं हजेरी आणि रांगेत जातात. मग एका फुटबॉलमागे 20 जण, आणि चेंडू चार-पाच दांडग्या पोरांच्याच पायात. बाकीचे, त्यातही मुली, कडेला उभ्या. ‘पोटात दुखतंय’ची चिठ्ठी तिथूनच सुरू होते. खेळ नकोसा नसतो, पाळीच येत नाही.

म्हणून संचातली सर्वांत कामाची वस्तू रिंग. ती चेंडूपेक्षा सावकाश येते, एका हातात पकडता येते, तिला हवा भरावी लागत नाही. चेंडूला घाबरणारं मूलही ती झेलायला पुढे येतं. नेट नको, दोन खांबांना 5 फुटांवर सुतळी ताणा. टेनिकॉइटच्या, म्हणजे नेटवरून रिंग फेकायच्या-झेलायच्या खेळाच्या, नियमातली 6 फूट उंची पाचवीला जड जाते. पावसात हाच खेळ शाळेच्या पडवीत चालतो. 6 ऐवजी 15 रिंग घेतल्या की जोडीजोडीने 30 मुलं एकदम खेळतात.

दोऱ्या मात्र निराशा करतात. सगळ्या एकाच मापाच्या, तेही मोठ्या माणसाच्या. मधोमध पाय ठेवल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात. दोरी लांब राहिली की पायात अडकते आणि मूल ‘मला जमत नाही’ म्हणून बसतं. कापू नका, मुठीजवळ गाठ मारा, पुढच्या वर्षी सोडता येते. कातळावर पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, दोरी मध्यावरच झिजते, जांभा दगड म्हणजे किसणीच. मूठ काढून मध्यावर वीतभर प्लास्टिकची नळी ओवली की दोरी बरीच टिकते. सुती दोरी घेऊच नका, पावसाळ्यात बुरशी धरते.

फुटबॉल 5 नंबरचे येतात. पाचवी-सहावीला 4 नंबरचे मागा. मैदान उताराचं असेल तर हवा जरा कमी ठेवा, नाहीतर निम्मा तास गडग्यापलीकडे चेंडू शोधण्यात जातो. पंपाची सुई खाऱ्या हवेत गंजते आणि तशीच कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो. सुई पुसून, ओली करून घाला.

कोन चांगले, शिट्टी चालेल.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या क्रीडा अनुदानात उच्च प्राथमिक शाळेला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. संच फोडून द्यायला दुकानदार कुरकुरतो. वस्तूवार कोटेशन मागा आणि 40 मुलांत एकच येणाऱ्या व्हॉलीबॉलचे पैसे रिंगांत घाला.